619 अक्षरं कमी

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि उल्हासनगर येतं. तिथे रिक्षात बसल्यावर पत्ता सांगायचा तो आजही 'कॅम्प नंबर तीन' किंवा 'कॅम्प नंबर चार' असाच. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ बराकी बांधल्या होत्या. 1947 साली फाळणी झाली, सिंध पाकिस्तानात गेला आणि तिथून निघालेल्या सुमारे 1 लाख सिंधी निर्वासितांना या बराकींमध्ये आसरा मिळाला. 1949 मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचं नाव तिला मिळालं. काही कुटुंबं ठाण्याच्या कोपरी कॉलनीत स्थिरावली. मागे राहिलेली घरं, दुकानं, जमिनी यांचे दावे सरकारदरबारी नोंदवले गेले. पण त्या लोकांपैकी काहींच्या सोबत आलेली एक गोष्ट कुठल्याच कागदावर चढली नव्हती, कारण ती आपल्याजवळ आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या अकराव्या गुणसूत्रात एका जागी डीएनएची 619 अक्षरं कमी होती.

619 हा आकडा किती लहान आहे हे आधी पाहू. माणसाच्या जनुकसंचात, म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून मिळालेल्या एका संचात, सुमारे 310 कोटी अक्षरं असतात. त्यातली 619 म्हणजे दर 50 लाखांमागे एक. लांबीच्या हिशोबात सांगायचं तर हा गहाळ तुकडा एका मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाइतका भरेल. आणि एवढ्याशा उणिवेमुळे, ती आई आणि वडील दोघांकडूनही आली तर, मुलाला जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बीटा थॅलेसेमिया मेजर तो हाच.

'अक्षर' म्हणजे नेमकं काय? डीएनए हा एकमेकांभोवती वळसे घेत गेलेल्या दोन धाग्यांचा रेणू आहे. प्रत्येक धाग्याचा कणा साखर आणि फॉस्फेटचा, आणि त्या कण्यावरून आतल्या बाजूला वळलेले चार प्रकारचे लहान रेणू: अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. थोडक्यात ए, टी, जी, सी. यांची जोडी ठरलेली. एका धाग्यावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. प्रत्येक जोडीत एक मोठा रेणू आणि एक लहान, त्यामुळे अक्षरं कुठल्याही क्रमाने आली तरी रेणूची जाडी सगळीकडे तेवढीच राहते, 2 नॅनोमीटर. साधारण साडेदहा जोड्यांनंतर एक वळसा पुरा होतो. 1952 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी क्ष-किरणांनी डीएनएचं जे छायाचित्र टिपलं, त्यात हा वळसा ठसठशीत दिसत होता. 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडलेल्या रचनेला त्या छायाचित्राचा मोठा आधार होता. फ्रँकलिन 1958 मध्ये, वयाच्या अवघ्या 37 व्या वर्षी गेल्या. डीएनएबद्दल लिहिताना हे नाव मागे पडू देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात हा धागा एकूण दोन मीटर लांब असतो, आणि ते केंद्रक असतं एका मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढं. हे मी कितीदा वाचलं असेल, तरी प्रत्येक वेळी थबकायला होतं.

आता त्या 619 अक्षरांच्या जागेवर जाऊ. अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर, साधारण 50-60 हजार अक्षरांच्या पट्ट्यात, पाच भावंडं शोभावीत अशी जनुकं एका ओळीत आहेत. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग बनवणं हे त्यांचं काम. यातली अजब गोष्ट म्हणजे त्यांचा क्रम. पहिलं जनुक चालू होतं आईच्या पोटात अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत. पुढची दोन गर्भ वाढत असताना. शेवटची दोन, डेल्टा आणि बीटा, जन्मानंतर खऱ्या अर्थाने कामाला लागतात. माणसाच्या आयुष्यात ती ज्या क्रमाने लागतात, त्याच क्रमाने धाग्यावर मांडलेली आहेत.

यातलं बीटा जनुक जेमतेम 1,600 अक्षरांचं. त्यातला सगळा मजकूर उपयोगाचा नसतो. प्रथिनाची कृती तीन तुकड्यांत विभागलेली असते आणि मधले दोन भाग पेशी नक्कल काढल्यावर कापून टाकते. त्या तीन तुकड्यांवरून 146 अमिनो आम्लांची एक साखळी तयार होते. अशा दोन बीटा साखळ्या आणि दोन अल्फा साखळ्या जुळल्या की झाला हिमोग्लोबिनचा एक रेणू. एका तांबड्या पेशीत असे सुमारे 27 कोटी रेणू असतात, आणि आपल्या हाडांच्या पोकळीतली मज्जा दर सेकंदाला 20 लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार करून रक्तात सोडत असते. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत लाखो नव्या पेशी रक्तात आल्या.

गहाळ झालेली 619 अक्षरं बीटा जनुकाच्या शेवटाकडची आहेत. दुसऱ्या मधल्या भागाच्या पोटातून तुटायला सुरुवात होते, तिसरा तुकडा पुरताच जातो आणि तूट जनुकाची हद्द ओलांडून थोडी पुढे संपते. शेवटच गेल्यामुळे त्या प्रतीवरून बीटा साखळी मुळीच बनत नाही. दोन्ही प्रती अशा असतील तर अल्फा साखळ्या तयार होतात पण त्यांना जोडीदार मिळत नाही. त्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि मज्जेतच कोवळ्या तांबड्या पेशी मारून टाकतात. बाळ जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं, कारण गर्भातली जनुकं अजून चालू असतात. ती मावळू लागतात, बीटाने सूत्रं हाती घ्यायची वेळ येते, आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीतरी मूल पांढरंफटक पडू लागतं.

एकच प्रत अशी असेल तर माणूस निरोगी असतो. यालाच आपण थॅलेसेमिया मायनर म्हणतो. हिमोग्लोबिन थोडं कमी, तांबड्या पेशी जरा लहान, एवढंच. कित्येकांना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि हिमोग्लोबिन काही वाढत नाही, कारण कमतरता लोहाची नसतेच.

फाळणीच्या कितीतरी आधी, सिंधूच्या खोऱ्यात किंवा त्याच्या आसपास कुठेतरी, एका माणसाच्या बीजपेशीत ही तूट घडली. एकाच माणसाच्या असं कशावरून म्हणायचं? कारण उल्हासनगरच्या सिंधी घरात, गुजरातेतल्या लोहाणा घरात आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय घरात ती सापडते तेव्हा नेमक्या त्याच अक्षरापासून सुरू होते आणि नेमक्या त्याच अक्षरावर संपते. 310 कोटी अक्षरांत अशी तंतोतंत तूट स्वतंत्रपणे पुन:पुन्हा घडणं जवळजवळ अशक्य. म्हणजे ही सगळी माणसं, आडनावं आणि गावं वेगळी असली तरी, त्या एका जागेपुरती एका पूर्वजाची वंशज आहेत.

मग प्रश्न येतो, इतक्या पिढ्या ती तूट जशीच्या तशी कशी राहिली? एका अक्षराने वाढली नाही की घटली नाही. याचं उत्तर डीएनएच्या नकलेत आहे, आणि मला या विषयातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

पेशी दुभंगण्याआधी सगळा डीएनए पुन्हा लिहावा लागतो. दोन धागे उलगडतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा रचला जातो. ए दिसला की टी, जी दिसला की सी. त्यामुळे दोन्ही नव्या रेणूंत एक धागा जुना आणि एक नवा असतो. मेसेल्सन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये हे सिद्ध केलं. त्यांनी जिवाणूंना आधी जड नायट्रोजनवर वाढवलं, मग साध्या नायट्रोजनवर आणलं. एका पिढीनंतर डीएनएचं वजन बरोबर मधलं भरलं: अर्धा जड, अर्धा हलका.

नक्कल करणाऱ्या एन्झाइमला मात्र एकाच दिशेने चालता येतं, आणि डीएनएचे दोन धागे उलटसुलट दिशांनी धावतात. एका धाग्यावर काम सलग होतं. दुसऱ्यावर मागे येऊन छोटे तुकडे लिहावे लागतात आणि नंतर ते सांधावे लागतात. हे तुकडे 1968 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठात रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने दाखवले. रेजी मूळचे हिरोशिमाचे. 1945 च्या अणुबॉम्बच्या किरणोत्साराची झळ त्यांना लागली होती आणि 1975 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. डीएनए कसा लिहिला जातो हे उलगडणाऱ्या माणसाचा जीव त्याच्याच डीएनएला झालेल्या इजेने जावा, ही हळहळ अजून सरत नाही. त्सुनेको यांनी ते संशोधन पुढे चालू ठेवलं.

माणसाच्या पेशीत ही नक्कल सेकंदाला साधारण 50 अक्षरांच्या वेगाने होते. अकराव्या गुणसूत्रात साडेतेरा कोटी अक्षरं आहेत. एका टोकापासून सुरुवात केली तर महिना लागेल. म्हणून सगळ्या गुणसूत्रांवर मिळून हजारो ठिकाणी एकदम काम सुरू होतं आणि आठेक तासांत उरकतं. चुकीचं प्रमाण? एन्झाइम मुळात लाखात एखादं अक्षर चुकीचं ठेवतं. ते लगेच मागे वळून बहुतेक चुका खोडतं. त्याच्या मागून दुरुस्ती करणारी वेगळी प्रथिनं फिरतात. शेवटी अब्जभर अक्षरांमागे एखादी चूक उरते. डीएनए-दुरुस्तीच्या निरनिराळ्या यंत्रणा शोधणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना 2015 चं नोबेल मिळालं.

पण ही दुरुस्ती करणारी प्रथिनं पाहतात काय, तर दोन धागे एकमेकांशी जुळतात की नाही. मजकुराला अर्थ आहे का, हे त्यांना कळत नाही. शाबूत गुणसूत्रावर ती 619 अक्षरं लिहायला 12 सेकंद लागतात. तूट असलेल्या गुणसूत्रावर नक्कल करणारं यंत्र ती जागा क्षणभरही न अडखळता पार करतं. त्याच्यासमोरचे दोन्ही धागे एकमेकांशी बिनचूक जुळलेले असतात, मग दुरुस्त काय करायचं? ज्या काटेकोरपणामुळे आपले डोळे, हृदय, मेंदू पिढ्यान्‌पिढ्या धड घडतात, त्याच काटेकोरपणाने ती पोकळीही सिंधूकाठाहून उल्हासकाठी आली.

मुळात ती पडली कशी, याचा माग 1979 मध्ये लागायला सुरुवात झाली. अमेरिकेत स्टुअर्ट ऑर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना थॅलेसेमियाच्या काही भारतीय रुग्णांच्या बीटा जनुकाचा शेवटचा भाग गायब दिसला. 1982 मध्ये रिचर्ड स्प्रिट्झ आणि ऑर्किन यांनी तुटलेल्या जागेची अक्षरं वाचली आणि दोन टप्प्यांचा खुलासा मांडला: आधी एका छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती झाली, मग मधला भाग गळाला. सारखे दिसणारे मजकूर शेजारी आले की पेशीची जुळवाजुळव घसरू शकते. याच पट्ट्यात त्याचं आणखी ठळक उदाहरण आहे. डेल्टा आणि बीटा ही जनुकं इतकी सारखी आहेत की क्वचित एकाचं डेल्टा दुसऱ्याच्या बीटाशी चुकून जुळतं, आणि अर्धं डेल्टा, अर्धं बीटा असं जोडजनुक तयार होतं. त्यापासून होणाऱ्या हिमोग्लोबिनला लेपोर म्हणतात.

ही जुळवाजुळव म्हणजे काही अपघात नव्हे, ती रोजची आणि अत्यावश्यक क्रिया आहे. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना आईकडून आलेलं अकरावं गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेलं अकरावं गुणसूत्र शेजारी येतात. एक एन्झाइम मुद्दाम डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. तुटलेलं टोक शेजारच्या गुणसूत्रात आपला जुळणारा मजकूर शोधतं आणि काही ठिकाणी दोघांची अदलाबदल होते. कल्याणला सांधा बदलला की मुंबईहून आलेली गाडी कसाऱ्याऐवजी कर्जतच्या मार्गाला लागते, तसं अलीकडचं आजीचं आणि पलीकडचं आजोबांचं असं एक नवंच गुणसूत्र तयार होतं. 1931 मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या गुणसूत्रांवर ही अदलाबदल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. एका शुक्राणूत असे साधारण 26 सांधे बदललेले असतात, बीजांडात 40 च्या आसपास. आणि स्त्रीच्या बाबतीत हे सगळं तिच्या जन्माआधीच होऊन जातं. तुम्ही ज्या बीजांडातून आलात, त्यातली अदलाबदल तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात असतानाच झाली होती. फाळणीच्या वेळी गरोदर असलेली एखादी बाई कराचीच्या बंदरातून बोटीने मुंबईला आली असेल, तर तिच्या नातवंडांच्या गुणसूत्रांची ही जडणघडण त्या प्रवासात चालू असू शकते.

सांधे कुठेही बदलत नाहीत, त्यांच्या आवडत्या जागा असतात. 1984 मध्ये अरविंद चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशी एक जागा नेमकी बीटा जनुकाच्या अलीकडेच आहे. याचा परिणाम सुंदर आहे. तूट असलेल्या बीटा जनुकाच्या अलीकडचा दूरचा मजकूर पिढ्यांच्या ओघात बदलू शकतो, पण जनुकाला अगदी चिकटून असलेला मजकूर सहसा त्याच्यासोबतच राहतो. दूरच्या खुणा किती बदलल्या आणि जवळच्या किती टिकल्या यावरून एखादा बदल एकदाच घडला की अनेकदा, नवा आहे की जुनापुराणा, याचा अंदाज बांधता येतो.

एवढं नुकसान करणारी तूट नाहीशी का झाली नाही, याचं एक उत्तर जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1949 च्या सुमारास सुचवलं. थॅलेसेमियाची एकच प्रत असलेल्या माणसाला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळत असावं. पुढच्या अनेक दशकांच्या अभ्यासांनी या विचाराला बळ दिलं. हॉल्डेन नंतर 1957 मध्ये भारतातच राहायला आले. पाणथळ, डासांच्या प्रदेशात जी गोष्ट एकेकट्या प्रतीने जीव वाचवत असेल, तीच दोन प्रतींनी जीव घेते.

ही गोष्ट फक्त सिंधी घरांची आहे असं मात्र कुणी समजू नये. भारतात दर शंभरात तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक मानले जातात, आणि देशात सर्वाधिक आढळणारा बदल वेगळाच आहे: जनुकाच्या पहिल्या मधल्या भागातलं पाचवं अक्षर, जी च्या जागी सी. एकच अक्षर, पण त्यामुळे पेशी कापायची जागा चुकते. हा बदल मराठी घरांतही सापडतो. 1925 मध्ये डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी या आजाराचं वर्णन केलं ते इटालियन आणि ग्रीक मुलांवरून. कुठल्याही एका समाजाच्या माथी तो मारण्यात काही अर्थ नाही.

तपासणी मात्र सोपी आहे, आणि तिच्यामागची कल्पना फार देखणी. तुटीच्या दोन्ही बाजूंना चिकटणारे डीएनएचे दोन छोटे तुकडे घ्यायचे आणि मधल्या भागाच्या लाखो प्रती काढायच्या. हीच पीसीआर, जिचं नाव कोविडमध्ये घराघरात पोचलं. 1985 मध्ये या तंत्रावरचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात प्रती काढल्या होत्या त्या याच बीटा जनुकाच्या. शाबूत गुणसूत्रावरून 861 अक्षरांचा तुकडा मिळतो, तूट असलेल्यावरून 242 अक्षरांचा. वजाबाकी केली की 619. जेलमधून वीज सोडली की लहान तुकडा पुढे पळतो. वाहकाच्या नमुन्यात दोन पट्टे दिसतात, दोन्ही प्रती तुटलेल्या असतील तर एकच, पुढचा. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारातला एक धोका असतो. म्हणून लग्नाआधी, निदान गर्भधारणेआधी, एचबीए-टू ही साधी रक्ततपासणी दोघांनी करावी असं डॉक्टर कळकळीने सांगतात, आणि ते किती बरोबर आहे हे रक्त चढवून घेणारं मूल ज्याने पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही.

आता पुन्हा ऑर्किन यांच्याकडे येऊ. 1979 मध्ये ही तूट शोधणाऱ्या याच शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत 2008 मध्ये विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी बीसीएल-इलेव्हन-ए या जनुकाचं काम उलगडलं. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद पाडण्यात या जनुकाचा मोठा वाटा असतो. तांबड्या पेशींपुरतं त्यालाच अडवलं तर? मोठेपणीही गर्भातली जनुकं चालू राहतील आणि नसलेल्या बीटाची उणीव भरून काढतील. या विचारावर उभा राहिलेला कॅसजेव्ही हा उपचार नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मंजूर केला. रुग्णाच्या मूलपेशी शरीराबाहेर काढून क्रिस्पर या तंत्राने बीसीएल-इलेव्हन-ए च्या एका नियंत्रक जागी डीएनए कापतात. तुटलेली टोकं पेशी स्वतःच घाईघाईत सांधते, सांधताना अक्षरं चुकतात, आणि ती चूकच हवी असते. मग त्या पेशी रुग्णाला परत देतात.

या सगळ्यात ती 619 अक्षरं कुणी परत लिहिलेली नसतात. बदल होतो तो फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींत. दोन्ही प्रती तुटलेल्या एखाद्या मुलीने हा उपचार घेतला, तिचं रक्त चढवणं थांबलं, ती मोठी झाली, तरी तिची बीजांडं तिच्या जन्माआधीच तयार झालेली आहेत. तिचं बाळ तिच्याकडून अकरावं गुणसूत्र घेईल ते तुटीसकटच, आणि त्या बाळाची पीसीआर केली तर 242 अक्षरांचा पट्टा उमटेल.